संथ चित्रपटाचे वाचन : झाशी, मुक्तिबोध आणि मणि कौल

झाशीचे नाव मराठी मनात एका वेगवान प्रतिमेने कोरले गेले आहे : तटावरून झेपावणारा घोडा. सोहराब मोदी यांचा १९५३ मधील ‘झांसी की रानी’ हा भव्य रंगीत चित्रपट याच वीरगतीच्या परंपरेतला. परंतु झाशीविषयीचे मराठीतील सर्वांत महत्त्वाचे प्रत्यक्षदर्शी कथन, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ (चिं. वि. वैद्य यांच्या संपादनाने १९०७ मध्ये प्रसिद्ध), वेगळ्याच गतीचे आहे. १८५८च्या मार्च-एप्रिलमधील वेढ्यात अडकलेला हा भिक्षुक पराक्रमाइतकीच प्रतीक्षा, तहान आणि भय नोंदवतो. घटना थोड्या काळाची असते. ती सोसणे दीर्घ असते. संथ चित्रपटाचा प्रश्न मुळात या दुसऱ्या काळाचा आहे.

झाशी, ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी समाजाचा विचार करताना गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांना वगळता येत नाही. ग्वाल्हेर संस्थानातील श्योपुर येथे जन्मलेल्या या मराठी घरातील कवीने हिंदीत लिहिले. धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत. एका घराचे दोन भाषांत असे विभागले जाणे तौलनिक अभ्यासाला आव्हान देणारे आहे. या आव्हानाचा तिसरा पदर चित्रपटात उलगडतो.

मणि कौल (१९४४–२०११) यांनी १९८० मध्ये मुक्तिबोधांच्या साहित्यावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या कौल यांचा मराठीशी संबंध नवा नव्हता; तेंडुलकरांच्या नाटकावर आधारलेल्या १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’ या सामूहिक चित्रपटाचे ते एक दिग्दर्शक होते. मुक्तिबोधांचे त्यांनी कथानक केले नाही. कथा, निबंध व कविता एकत्र गुंफल्या. नट भावना दाखवीत नाहीत, संहिता उच्चारतात. दृश्य त्या संहितेचे चित्रण करीत नाही, तिच्या शेजारी उभे राहते.

प्रेक्षकाची अडचण येथेच सुरू होते. झाशीत काही विद्यार्थ्यांसह हा चित्रपट पाहताना पाऊण तासात निम्मी खोली रिकामी झाली. त्यांना दोष देता येत नाही. सत्यजित राय यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही १९७०च्या दशकात कौल आणि कुमार शहानी यांच्या चित्रपटांवर कठोर आक्षेप घेतले होते. संथपणा हा स्वतःहून गुण ठरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. रिकामेपणा आणि सखोलता यांची गती बाहेरून सारखीच दिसू शकते.

मग भेद कसा ओळखावा? कौल धृपदाचे साधक होते आणि १९८२ मध्ये त्यांनी ‘ध्रुपद’ हा चित्रपटही केला. आलापात पुढे काय होणार हा प्रश्न गौण असतो. एकच स्वर पुन्हा येतो तेव्हा त्याचे स्थान किती बदलले, हे ऐकायचे असते. ‘सतह से उठता आदमी’ असाच पाहावा लागतो. मुक्तिबोधांचा निम्नमध्यमवर्गीय बुद्धिवंत स्वतःच्या तडजोडींची उलटतपासणी करतो. ती तपासणी वेगाने दाखवली, तर प्रेक्षक त्याच्याविषयी निर्णय देऊन मोकळा होईल. दीर्घ दृश्यात त्याला तसे सुटता येत नाही. तपासणी त्याच्यावरच उलटते. हे या चित्रपटाचे देणे आहे, आणि ते सुखद असेलच असे नाही.

त्या दिवशी थांबलेल्यांपैकी एका विद्यार्थिनीने विचारले, हा चित्रपट हिंदीचा की मराठीचा? प्रश्न योग्य होता. मराठी घरातील कवी, त्याची हिंदी संहिता, पुण्यात घडलेला दिग्दर्शक, मुख्य भूमिकेत गोपी हा मल्याळी नट : एकभाषिक वाङ्मयेतिहासाच्या चौकटीत ही कृती मावत नाही. तिला जागा द्यायची, तर आपल्याला आपली चौकट संथपणे, पुन्हा एकदा पाहावी लागेल.