पानात टाकलेले अन्न

श्रोतेहो, पाथरीकडच्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारून पाहा. परभणी जिल्ह्यासह सारा मराठवाडा तेव्हा होरपळला होता. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत, सुकडीवर दिवस काढीत, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी दळून खात. त्या पिढीला पानात अन्न टाकवत नाही.

आता जगाकडे पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली, साली-देठांसह, १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घराघरांतले. श्रीमंत फ्रान्सला तर, मोठ्या दुकानदारांनी खाण्याजोगे अन्न नासवू नये म्हणून २०१६ साली कायदा करावा लागला.

पण आपल्या लग्नाच्या पंगतीतल्या उष्ट्या पत्रावळींचे काय? गुरुजनहो, बहात्तरची आठवण वर्गात सांगा. लागेल तेवढेच वाढून घ्यावे, हे मुलांना मग वेगळे शिकवावे लागणार नाही.