अक्षयनीवी



नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांत जीं पांडवलेणीं आहेत, त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा एक लेख कोरलेला आहे. लेखांत ४२ वें वर्ष दिलें आहे. तें शकाचें धरिल्यास इसवी सन १२० येतें. शाळेंतील छत्तीस वर्षांच्या नोकरींत मीं मुलांच्या किती सहली त्या डोंगरावर नेल्या असतील याची गणती नाहीं. लेख दाखवावा, राजाचें नांव सांगावें, शक सांगावा आणि मुलांना डबे सोडावयास सांगावें, असा माझा परिपाठ. पैशाच्या दृष्टीनें तो लेख मीं वाचला तो सेवानिवृत्त झाल्यावर, आणि तोहि ठेंच लागल्यावर. त्या ठेंचेची हकीकत पुढें ओघानें येईल.

लेख असा आहे. आपल्या लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या भिक्षूंसाठीं उषवदातानें ३,००० कार्षापण दिले. पण ते भिक्षूंच्या हातीं दिले नाहींत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्यानें ते ठेविले. एका श्रेणीकडे २,००० शेंकडा एक दरानें, दुसरीकडे १,००० शेंकडा पाऊण दरानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. आतां हा दर दरमहाचा मानला कीं हिशेब चोख जुळतो. २,००० वर महिन्यास २० व वर्षास २४०. आणि वीस भिक्षूंस बाराप्रमाणें २४०. एक कवडी इकडची तिकडे नाहीं. मुद्दल कधींहि परत द्यावयाचें नाहीं, केवळ त्याची वृद्धि उपभोगावयाची, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. अशा ठेवीला त्या काळीं शब्द होता ‘अक्षयनीवी’. मनुष्य मिळवितो तोंवर मिळवितो. पुढें त्याच्या पैशानें त्याच्यासाठीं राबावें, ही जी आज ‘आर्थिक स्वातंत्र्य’ या भारदस्त नांवानें सांगितली जाणारी कल्पना, ती आपल्या सह्याद्रीच्या दगडांत सुमारें एकोणीसशें वर्षें कोरून पडलेली आहे.

त्याच नहपानाचीं रुप्याचीं नाणीं १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतच जोगळटेंभी येथें सांपडलीं. तेरा हजारांहून अधिक! त्यांतील पुष्कळांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. कोणी पुरलीं, कां पुरलीं, कोण परत यावयाचा राहिला, हें नाण्यांवर लिहिलेलें नसतें. पण शेजारशेजारच्या या दोन धनांकडे पाहतां मला नेहमीं वाटतें कीं, विणकरांकडे दिलेला पैसा सुतांत आणि मागांत शिरला असेल, म्हणूनच तो व्याज देऊं शकला. जोगळटेंभीच्या धनानें मात्र कोणाला एक चीवरहि दिलें नाहीं.

परंतु अक्षयनीवी खरोखर अक्षय होती काय? मुद्दल तेवढेंच, व्याज तेवढेंच. आणि उद्यां कापड दुपटीनें महागलें तर? मग वीसांपैकीं दहा भिक्षूंनीं जुन्या चीवरावर पावसाळा काढावा. उषवदातानें दर दगडांत कोरला. चीवराची किंमत मात्र दगडांत कोरतां येत नव्हती. त्याच लेखांत पुढें ७०,००० कार्षापणांच्या एका दानाचा उल्लेख आहे, आणि ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या भावानें ते २,००० सुवर्ण होतात असें नमूद केलें आहे. म्हणजे दोन नाण्यांमधील भाव लिहून ठेवण्याची गरज त्यालाहि भासली होती.

दोन नाण्यांचा हा भाव आमच्या मराठवाड्याच्या चांगला परिचयाचा. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडीं बसलेलें औरंगाबाद, हें १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होतें आणि संस्थानाचें नाणें स्वतंत्र होतें. चारमिनाराची मुद्रा असलेला ‘हाली’ रुपया येथें चाले. सरहद्द ओलांडली कीं इंग्रजी ‘कलदार’. १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा सरकारी भाव. हे आणे-पै पाहून घाबरूं नये. सरळ त्रैराशिकानें सात हाली बरोबर सहा कलदार. माझे वडील संस्थानच्या प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. त्यांचा पगार ४२ हाली. म्हणजे मनमाडला उतरून खर्च करावयाचा झाल्यास ३६. ‘आगगाडींत बसल्याबसल्या सहा रुपये कमी होतात,’ असें ते विनोदानें म्हणत. १९५० नंतर भारतीय रुपया याच सातास सहा दरानें सर्वत्र रूढ झाला आणि १९५९ सालीं हालीचें चलन कायमचें संपलें. आमच्या आजीनें गाडग्यांत ठेविलेले रुपये मात्र बदलून घेण्याचें राहून गेलें. ते पुढें सराफानें वजनावर घेतले. आणि हालींत कलदारापेक्षां चांदी कमी, तें दुःख निराळेंच.

याच संस्थानानें एक गोष्ट मात्र दूरदृष्टीनें केली होती. १९०७ सालीं, महबूब अली खान निजाम असतां, सरकारी नोकरांसाठीं कुटुंब-निवृत्तिवेतनाचा निधि निघाला, आणि १९१३ सालीं त्याचें रूपांतर हैदराबाद संस्थानच्या आयुर्विमा निधींत झालें. नोकराच्या पगारांतूनच दरमहा हप्ता कापला जाई. निजामी राजवटीचीं पापें मराठवाड्यास कोणी सांगावयास नकोत. तरी तालुक्याच्या ठिकाणीं पंधरा-वीस रुपयांवर राबणाऱ्या कारकुनाच्या पश्चात् त्याच्या बायकोला सावकाराच्या ओसरीवर बसावें लागूं नये, एवढी सोय त्या कपातींत होती. वडील त्या कपातीबद्दल कुरकुरत. त्यांचे एक सोबती पटकीनें अकस्मात् वारले, त्यानंतर ती कुरकुर घरांत पुन्हां ऐकूं आली नाहीं, असें आई सांगे.

योगायोग असा कीं त्याच १९१३ सालीं इकडे सातारा येथें विष्णु गणेश तथा अण्णासाहेब चिरमुले या वकिलांनीं ‘वेस्टर्न इंडिया’ ही आयुर्विमा कंपनी स्थापिली. एका जिल्ह्याच्या गांवीं, मुंबईच्या शेटसावकारांवांचून, विमा कंपनी काढणें हें त्या काळीं साहस होतें. त्यापूर्वीं परदेशी कंपन्या हिंदी मनुष्याचें आयुष्य हलक्या प्रतीचें समजून त्याजकडून जादा हप्ता घेत. तो भेद १८७० सालीं निघालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’नें प्रथम मोडला आणि सर्वसामान्य दरानें हिंदी लोकांचे विमे उतरविले. स्वदेशीचा जोर वाढला तशा पुढें अशा कंपन्या पुष्कळ निघाल्या. चिरमुल्यांनींच १९३६ सालीं सातारा येथें ‘युनायटेड वेस्टर्न’ बँक काढली. सत्तर वर्षांनीं, २००६ सालीं, ती आय.डी.बी.आय. बँकेंत विलीन झाली.

निघालेल्या सर्वच कंपन्या चिरमुल्यांच्या सचोटीच्या नव्हत्या. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यांत निघाल्या, आणि आणखी २५ कंपन्यांनीं आपली पुंजी इतकी उधळली कीं त्यांचा व्यवहार, विमेदारांचें नुकसान सोसून, दुसऱ्यांच्या गळ्यांत बांधावा लागला. विधवेचा पैसा तो! अखेर १९ जानेवारी १९५६ रोजीं सरकारनें वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा आपल्या हातीं घेतला. ही घोषणा कोठून झाली म्हणाल, तर आज मी ज्या आकाशवाणीवरून आपल्याशीं बोलत आहें तिच्यावरूनच. बोलणारे होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, कुलाबा जिल्ह्यांतील नाते गांवचे. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था मिळून २४५ चा एकच संसार झाला, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ सुरू झालें. त्या दिवशीं चिंतामणराव मंत्रिपदावर नव्हते; मुंबईच्या प्रश्नावरून जुलै महिन्यांतच त्यांनीं राजीनामा दिला होता. महामंडळाच्या विमापत्रांतील रकमेस केंद्र सरकारची हमी कायद्यानेंच आहे. आपल्या आईबापांच्या पिढीला व्याजाच्या दोन टक्क्यांपेक्षां या हमीचें मोल अधिक वाटे, आणि त्यांना भोळे म्हणण्याची घाई मी तरी करणार नाहीं.

बँकांची कथा याहून थोडी निराळी. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्यानें निघाली व १९४२ मध्यें तिचें काम सुरू झालें. पुढें तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजीं भारतीय स्टेट बँकेंत मिळाली. राजवट बदलली, नाणें बदललें, पाटी दोनदां बदलली. ठेवीदाराची ठेव मात्र बुडाली नाहीं. सर्वांचें नशीब असें नसतें. १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या हाहाकारांतून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभीं संरक्षण दीड हजार रुपयांचें होतें. १९९३ मध्यें तें एक लाख झालें आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाख. लक्ष्मी बँकेच्या वऱ्हाडी ठेवीदारांचे अश्रु या कायद्याच्या पायाशीं आहेत, हें फारसें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं.

मींहि तें ठेविलें नाहीं, आणि येथेंच माझी ठेंच येते. सेवानिवृत्तीच्या वेळीं जी रक्कम एकदम हातीं आली, तींतील तीन लाख मीं एका पतसंस्थेंत ठेविले. व्याज वर्षाला बारा टक्के. म्हणजे दरमहा शेंकडा एक. गोवर्धनच्या विणकरांचाच दर! इतिहासाच्या मास्तरला तो शुभशकुनच वाटला असावा. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकारी कायद्याखालीं नोंदलेली असते, आणि बँकेच्या ठेवींना असलेलें विम्याचें कवच तिच्या ठेवींना नसतें, ही साधी गोष्ट मला दरवाज्यास कुलूप लागल्यानंतर कळली. दोन वर्षें व्याज आलें. नंतर आल्या तारखा. आतांपर्यंत सव्वीस हजार परत मिळाले आहेत. जास्त व्याज हें कोणी प्रेमानें देत नाहीं, तें आपल्या जोखमीचें भाडें असतें, हें मीं वर्गांत कधीं शिकविलें नाहीं, कारण मलाच तें ठाऊक नव्हतें.

निवृत्तिवेतन होतें म्हणून मी उभा राहिलों. १ नोव्हेंबर २००५ रोजीं वा त्यानंतर नोकरींत शिरलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या वांट्याला हें जुनें निवृत्तिवेतन नव्हतें. त्यांच्या पगारांतून अंशदान कापलें जाऊं लागलें आणि तें बाजारांत गुंतविलें जाऊं लागलें. मार्च २०२३ मध्यें त्यावरून राज्यभर संप झाला. माझा मुलगा त्या पिढींतला. त्याचें म्हणणें असें कीं, बाजार चढउतार करतो, पण तीस वर्षांत महागाईला मागें टाकण्याची ताकद त्यांतच आहे. ठेवींत पैसा सुरक्षित राहतो आणि हळूहळू झिजतो. महागलेल्या चीवराचें उदाहरण मींच त्याला दिलेलें असल्यामुळें मला फारसा प्रतिवाद करितां येत नाहीं. मीं त्याला एवढेंच विचारलें कीं, उद्यां तुझें कांहीं बरेंवाईट झालें तर सुनेच्या हातीं काय? त्यानें उतरविलेला विमा त्याच्या वार्षिक मिळकतीच्या दुपटीहूनहि कमी होता. कारण त्यानें विमा घेतला होता तो वीस वर्षांनीं पैसे परत मिळावेत म्हणून. बचत वेगळी, विमा वेगळा. हप्ता परत येत नाहीं म्हणून तो वायां गेला असें मानणें म्हणजे घराला आग लागली नाहीं म्हणून विहीर खणल्याचें दुःख करण्यासारखें आहे. गेल्या वर्षीं त्यानें केवळ मृत्यूच्या जोखमीचा मोठा विमा उतरविला. हप्ता पाहून तो स्वतःच चकित झाला, इतका तो थोडा होता.

उषवदाताच्या लेखांतील एक गोष्ट सांगावयाची राहिली. ठेव ठेविल्यावर तो स्वस्थ बसला नाहीं. ती निगमसभेंत सर्वांस वाचून ऐकविली आणि दप्तरांत नोंदविली, असें लेखांत आहे. हें वाचून मीं एके दिवशीं घरांतील सर्व पुस्तकें, पावत्या, विमापत्रें पेटींतून काढलीं, एका वहींत त्यांची यादी केली आणि पत्नीला समोर बसवून वाचून दाखविली. बेचाळीस वर्षांच्या संसारांत ही आमची पहिली निगमसभा. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि एका विमापत्रावर बोट ठेवून विचारलें, ‘यावर वारस म्हणून कोणाचें नांव आहे?’ मीं चष्मा पुसून पाहिलें. लग्नापूर्वीं, नोकरीच्या पहिल्या वर्षीं घेतलेलें तें विमापत्र; त्यावर नांव माझ्या आईचें होतें. आईला जाऊन एकोणीस वर्षें झालीं. सोमवारीं कार्यालय उघडतांच मी गेलों आणि तें नांव बदलून घेतलें.