कोरेगावचा स्तंभ आणि नदीपलीकडचे गाव

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आले होते, ही गोष्ट आपल्या विहारात येणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक आहे. दरवर्षी त्या दिवशी हिंजवडीतूनही गाड्या भरून जातात. परंतु स्तंभाला वंदन करून परत येणे वेगळे आणि ती लढाई समजून घेणे वेगळे, हे आम्हा कार्यकर्त्यांच्या लक्षात जरा उशिराच आले. तेव्हापासून आम्ही वर्षातल्या एखाद्या साध्या रविवारी उपासक-उपासिकांना आणि मुलांना तिथे घेऊन जातो आणि रणभूमी पायी फिरून दाखवतो. आम्ही कोणी इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. कोणी कंपनीत कामाला, कोणी रिक्षावाले. वाचायचे, एकमेकांच्या चुका काढायच्या आणि मग सांगायचे, एवढीच आमची तयारी.

साधा रविवार का, असे पुष्कळजण विचारतात. १ जानेवारीला लाखोंचा समुदाय असतो. त्या दिवशी वंदन होते, पुस्तके घेता येतात, पण उभे राहून काही समजावून सांगायला जागा कुठली? शिवाय १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या काही आया पोरांना पाठवायलाच तयार होईनात. "भाऊ, गर्दी नसेल तर नेता का?" असे त्यांनीच सुचवले.

नगर रस्त्याने गेले की पेरणे फाट्याला, भीमा नदीच्या अलीकडे, स्तंभ लागतो. बहुतेक लोक इथूनच माघारी फिरतात. लढाई मात्र झाली ती पलीकडच्या तीरावर, कोरेगावात. म्हणून आम्ही सगळ्यांना पूल ओलांडून पलीकडे नेतो. कॅप्टन स्टाँटनची पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास शिरूरहून निघाली आणि रात्रभर चालून सकाळी इथे पोचली. हिंजवडीहून आपण गाडीने जेवढे अंतर येतो, जवळजवळ तेवढेच ते लोक खांद्यावर बंदूक घेऊन चालत आले होते, हे सांगितले की पोरे गप्प होतात. आल्या आल्या नदीपलीकडे पेशव्यांची फौज दिसली. मग पलटण गावात शिरली आणि घराघरांत, गल्लीबोळांत रात्री नऊपर्यंत झुंज चालली. पोटात अन्न नाही, आणि नदी डोळ्यांसमोर असून पाण्याचा थेंब नाही! गाव आता पार बदलले आहे. पण नदीकाठी दुपारच्या उन्हात उभे राहिले की ती तहान थोडी तरी कळते.

आता आकड्यांचे. एकदा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, "काका, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना कापलं म्हणतात, ते खरं का?" वर्गात त्याची यावरून चेष्टा झाली होती. आम्ही त्याला आहे तसे सांगितले. पेशव्यांची फौज सुमारे २८,००० होती, पण गावावर चालून आलेल्या तुकड्या मिळून दोनेक हजारांच्या. कंपनीकडे ८३४ माणसे: सुमारे ५०० पायदळ, बाकी घोडेस्वार आणि मद्रासचे गोलंदाज, तोफा दोन. त्यांतले २७५ मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण सगळेच महार नव्हते. जनरल स्मिथची फौज येत आहे या धास्तीनेही पेशव्यांनी रात्री माघार घेतली. एक ज्येष्ठ बांधव यावरून आमच्यावर रागावले, "तुम्ही आपलाच इतिहास कमी करता" म्हणाले. आम्हाला तसे वाटत नाही. ८३४ माणसांनी दिवसभर गाव सोडले नाही, हे काय थोडे आहे? फुगवलेला आकडा एकदा खोटा ठरला की मग खरा आकडाही कोणी ऐकत नाही, आणि चेष्टा सोसावी लागते ती आपल्या पोरांना.

परत येऊन आम्ही नावे वाचतो. स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत; त्यांतली २२ नावे 'नाक' या अक्षरांनी संपतात. मराठे, रजपूत, मुसलमान अशीही नावे आहेत, तीही वाचतो. एका खेपेला एक आजी प्रत्येक 'नाक'ला हात जोडत होत्या. ज्या पेशवाईत महाराची सावलीही चालत नव्हती, त्या काळात त्याचे नाव दगडावर कोरले गेले. कंपनीने १८२१ साली स्तंभाचा पाया घातला तो स्वतःच्या विजयासाठी. आणि त्याच इंग्रजांनी पुढे १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला, पूर्वजांचा पराक्रम सरकारपुढे मांडला. स्तंभ आपला झाला तो अशा माणसांमुळे आणि बाबासाहेबांमुळे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

नावे वाचायची ही सवय आम्ही कार्ल्यालाही नेली. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत; त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. लोक देवीच्या दर्शनाला जातात आणि खांबांकडे पाहतही नाहीत! देहूरोडला तर आपल्या दारातच इतिहास आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे आम्ही फारसे बोलत नाही, बसतो.

यायचे असेल त्यांनी विहारात नाव द्यावे. वर्गणी नाही, गाडीखर्च वाटून घ्यायचा. पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. आणि घरात कोणी पलटणीत होते का, हे आधी आजी-आजोबांना विचारून यावे. कागद, बिल्ला काही सापडले तर जपून सोबत आणावे.

नमो बुद्धाय! जय भीम!