बीबी का मकबरा : उद्यानाची आखणी आणि रंगयोजना

औरंगजेबाच्या पत्नी दिलरस बानू बेगम, अर्थात राबिया-उद-दौरानी, यांचे १६५७ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला बीबी का मकबरा 'दख्खनचा ताज' म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र याच बिरुदामुळे ताजमहालची कमी खर्चातील नक्कल एवढीच त्याची ओळख उरली. उद्यानाच्या अंगाने विचार केल्यास हे मत अपुरे ठरते.

प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्लाह व हंसपत राय यांची नावे आहेत. अताउल्लाह हे ताजमहालचे शिल्पकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. तरीही त्यांनी ताजची आखणी जशीच्या तशी उचलली नाही. ताजमहाल बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर उभा आहे. बीबी का मकबरा मात्र सुमारे ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद आवाराच्या मध्यभागी आहे. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याची रचना अशीच आहे. चारबाग म्हणजे फारसीतील 'चहार बाग', चार भागांची बाग. दक्षिणेच्या दरवाजातून आत येताच हौद आणि कारंज्यांची सरळ रेषा नजरेला मध्यावरील वास्तूकडे नेते. उत्तर, पूर्व व पश्चिम भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या आहेत.

रंगयोजनाही याच आखणीला पूरक आहे. संगमरवर फक्त इमारतीच्या खालच्या भागात आणि घुमटाला आहे. मधले बांधकाम काळ्या बेसाल्ट दगडाचे असून त्यावर गुळगुळीत पांढरा गिलावा आहे. दूरून मात्र संपूर्ण वास्तू एकसंध शुभ्र भासते. खाली हिरवी बाग, मागे उत्तरेचे काळसर डोंगर आणि हौदातील प्रतिबिंब यांमुळे ही शुभ्रता अधिक उठून दिसते. महागड्या दगडाची उणीव येथे रंगांच्या विरोधाने भरून काढली आहे.

मोगल बाग म्हणजे केवळ हिरवळ नव्हे. तीत सावली देणारी झाडे, फळझाडे व फुलझाडे असत. ताजमहालच्या बागेला आजचे मोकळ्या हिरवळीचे रूप ब्रिटिश काळात मिळाले. म्हणूनच अशा स्मारकांचे जतन करताना घुमट व मिनारांइतकेच लक्ष झाडे, पाणी आणि वाटांकडेही द्यावयास हवे. बागेची मूळ आखणी पुसली गेली, तर मकबऱ्याचे स्वतःचे वैशिष्ट्य हरवेल आणि 'नक्कल' हा शिक्का तेवढा कायम राहील.