बंदुकीचा कुंदा आणि सुताराचा हात

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा नळीचा आणि दारूचाच इतिहास लिहितात. नळीस आधार देणारा आणि बाराचा धक्का सोसून तो खांद्यावर उतरविणारा जो लाकडी कुंदा, ज्यास कोणी दस्ता असेही म्हणतात, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः बंदूक ही लोहार व सुतार ह्या दोघांच्या हातची वस्तू होय. त्यांतही मोडतो तो कुंदा. म्हणून जुनी बंदूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली असेल, तर तिच्या दीर्घायुष्याचे बरेचसे श्रेय दुरुस्ती करणाऱ्या सुतारास दिले पाहिजे.

आमच्या हदगाव तालुक्यास हा विषय परका नाही. तालुक्यातील नाव्हा येथील गढीस सन १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन ह्या इंग्रज अंमलदाराच्या हाताखालील निजामाच्या फौजेने वेढा घातला. नौसाजी नाईकांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब शिपायांचा भरणा मोठा होता. ३१ जानेवारीस गढी पडली. दक्षिणेतील अरब शिपायांचे नेहमीचे हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक. पेटत्या तोड्याने रंजक शिलगावून तिचा बार उडवीत. शाळेत इतिहास शिकविताना आम्ही लढवय्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु त्यांच्या बंदुकांचे कुंदे ज्यांनी तासले, त्यांचे एकही नाव आम्हांस कोणत्या पाठ्यपुस्तकात आढळले नाही.

देशी तोड्याच्या बंदुकीचा कुंदा सडपातळ व बराचसा सरळ असे. नळी त्यावर पितळी पट्ट्यांनी, तारेने वा चामड्याच्या वाद्यांनी आवळलेली असे. लाकडाचे तंतू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जात, म्हणून सरळ रेषेचे लाकूड पुरे होई. विलायती धर्तीच्या बंदुकीचा कुंदा मात्र मुठीपाशी बारीक होऊन खाली वळतो. ह्या वळणावर तंतू आडवे कापले गेले, तर नेमकी तेथेच चीर पडते. सुताराला ही गोष्ट नवी नव्हती. नांगराचे रुमणे करताना तो सरळ लाकूड कापून वाकडे करीत नसे. मुळातच बाक असलेली बाभळीची फांदी निवडी, कारण तिचे तंतू बाकाबरोबर वळलेले असतात. बलुत्याच्या कामातून अंगी बाणलेले हे ज्ञान बंदुकीच्या मुठीलाही तंतोतंत लागू पडते. कुंद्यास अक्रोडाचे लाकूड उत्तम मानतात, कारण ते धक्का सोसते व हवापालटाने फारसे फिरत नाही. आपल्याकडे शिसवही वापरीत.

मोडलेला कुंदा सांधणे हे धीराचे काम आहे. वर्षानुवर्षे नळीचे तेल झिरपून लाकूड मऊ झालेले असते, आणि तेलकट लाकडास सरस धरत नाही. म्हणून प्रथम खडूच्या भुकटीचा लेप पुनःपुन्हा देऊन तेल शोषून घ्यावयाचे. मग चीर किंचित उघडून तीत ऊन सरस खोलवर भरावयाचा, दोराने आवळून पाचर मारावयाची आणि पुरते वाळू द्यावयाचे. त्यानंतर चिरेस आडवे छिद्र पाडून लाकडी वा पितळी मेख बसवावयाची. पूर्वी मुठीभोवती कच्चे चामडे ओले करून गुंडाळीत. ते वाळून आकसले की सांधा घट्ट होई. तुकडा उडाला असेल तर ठिगळ द्यावे लागते. मात्र त्याचे तंतू मूळ लाकडाच्या दिशेनेच असावेत, नाहीतर ऋतू पालटताच ते सुटते. उन्हाळ्यात करपणाऱ्या व पावसाळ्यात दमटणाऱ्या आमच्या मराठवाड्यात ही दक्षता विशेष हवी.

रंगकामातही घाई चालत नाही. नुसती दबलेली खोच असेल तर रंधा न लावता ओले फडके ठेवून त्यावर तापले लोखंड टेकवावे; वाफेने तंतू फुगून वर येतात. मग जवसाचे तेल अगदी पातळ चोळून प्रत्येक हात वाळू द्यावा. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि हा भाग भारतीय संघराज्यात आला. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अमलात आला. त्याच्या ५ व्या कलमानुसार विक्री वा बदल्यासाठीची शस्त्रनिर्मिती तर परवान्याखाली आलीच, परंतु धंदा म्हणून दुरुस्ती करावयाची तरी परवाना लागतो. समाजाच्या सुरक्षिततेस हे आवश्यकच होय. परवान्याविना ह्या कामास कोणी हात घालू नये आणि बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्यावी, असे आम्ही निक्षून सांगतो. परंतु परिणाम असा झाला की गावच्या सुताराचा ह्या कामाशी संबंध तुटला आणि जाणते हात एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेले.

काम गेले म्हणून त्याची आठवणही जावी काय? ज्ञातिबांधवांच्या घरी वाडवडिलांच्या पटाश्या, गिरमिटे व कानशी अजून माळ्यावर पडलेल्या असतील. त्या भंगारात घालण्यापूर्वी वृद्धांना विचारून घ्यावे की कोणते हत्यार कोणत्या कामाचे, आणि ते वहीत टिपून ठेवावे. ज्यांच्याकडे परवान्याची जुनी बंदूक आहे, त्यांनी कुंद्यावरील जुनी मेख वा ठिगळ घासून नाहीसे करू नये. नळीवर घडविणाऱ्याचे नाव कोरलेले सापडते. सुताराने आपले नाव कोठे कोरले नाही. ती मेख हीच त्याची सही होय.