रामनामी गोंदण

छत्तीसगडमधील रामनामी पंथाच्या अनुयायांनी भक्ती आणि आत्मसन्मान या दोन प्रेरणांनी अंगावर गोंदवून घेतलेले ‘राम’ हे नाव. १८९० च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून हा पंथ वाढला. त्याचे बहुसंख्य अनुयायी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. मंदिराची दारे बंद असलेल्या या माणसांनी आपली काया हेच मंदिर मानले. त्यांचा राम दशरथपुत्र नसून निर्गुण, सर्वव्यापी आहे. त्यामुळे मूर्ती वा पुरोहित यांची गरज उरत नाही.

दिव्याची काजळी पाण्यात कालवून सुयांनी नाव टोचतात. कोणी ते कपाळावर, कोणी छातीवर, तर कोणी नखशिखान्त गोंदवतो. किती वेदना सोसायच्या हे ज्याचे तो ठरवतो. कातडीवरचे नाव कोणालाही हिरावून घेता येत नाही, हे त्यामागील बळ होय. गोंदणाबरोबरच रामनाम छापलेली चादर, मोरपिसांचा मुकुट आणि भजनातील घुंगरू ही पंथाची चिन्हे आहेत. रोजगारासाठी शहरांकडे जाणारे तरुण आता सर्वांग गोंदवत नाहीत. मात्र भजनमेळ्यांतून नामस्मरणाची परंपरा चालू आहे.