शिकागोच्या व्हॅनमधली कुपी

जॉन सायलर १९९६ साली शिकागोत हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. त्याला वाचवू शकेल असं औषध अमेरिकेत पंचवीस वर्षांपासून मंजूर होतं. मात्र ते असायचं इस्पितळात, भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हाताशी, फार तर रुग्णवाहिकेत. सायलर हा 'शिकागो रिकव्हरी अलायन्स'च्या संस्थापकांपैकी एक. एचआयव्हीची लागण थांबावी म्हणून नशा टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया-सिरिंज पुरवणारी ही संस्था. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी डॅन बिग आणि इतरांनी ठरवलं की सुयांबरोबर आता हे औषधही द्यायचं, आणि तेही नशा करणाऱ्यांच्याच हातात.

औषधाचं नाव नॅलोक्सोन. नाझींपासून जीव वाचवून पळालेल्या पोलिश ज्यू कुटुंबातला जॅक फिशमन आणि त्याचा वरिष्ठ मोझेस लेव्हनस्टाइन यांनी १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि १९८३ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आलं.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन किंवा ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या घराघरांत धास्ती पसरवणारं गर्द ही सगळी एकाच कुळातली. मेंदूत जिथून श्वास चालवला जातो तिथल्या ग्राहींना ती चिकटतात. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जातो. ओठ आणि नखं निळी पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशातून घरघर येते. आसपासच्यांना वाटतं, गाढ झोपलाय, घोरतोय. अनेक जीव या गैरसमजातच गेले आहेत. नॅलोक्सोन त्या ग्राहींना हेरॉइनपेक्षा घट्ट धरतं आणि त्याला तिथून हुसकावतं. दोन-तीन मिनिटांत माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो. शरीरात अफूजन्य काही नसेल तर हे औषध जवळजवळ काहीच करत नाही. त्याची नशा होत नाही आणि सवयही लागत नाही.

असं औषध इस्पितळाच्या भिंतीआड इतकी वर्षं का राहिलं? रसायनशास्त्रात याचं उत्तर नाही. ओव्हरडोस होतो खोलीत, गाडीत, सार्वजनिक संडासात. तिथे जवळ असतो तो दुसरा नशा करणाराच. रुग्णवाहिका बोलावली तर पोलिसही येतील या भीतीने त्याचा हात फोनकडे जात नाही. त्या क्षणी वाचवू शकणारा माणूस तोच, आणि नेमक्या त्याच माणसावर व्यवस्थेचा विश्वास नव्हता.

शिकागोच्या कार्यकर्त्यांनी तो ठेवला. त्यांच्या व्हॅनमधून दहा मिलिलिटरच्या कुप्या, स्नायूत टोचायच्या सुया आणि थोडं प्रशिक्षण मिळू लागलं. हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. प्रतिसाद नसेल तर मदत बोलवा, तोंडाने श्वास द्या, दंडात किंवा मांडीत औषध टोचा. शुद्ध आली तरी सोडून जाऊ नका. औषधाचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि हेरॉइन रक्तात उरलेलं असेल तर श्वास पुन्हा थांबू शकतो. एवढं शिकायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

कायद्याची अडचण मात्र होती. औषध चिठ्ठीवर मिळणारं, चिठ्ठी एकाच्या नावाने आणि वापर दुसऱ्यावर. न्यू मेक्सिको राज्याने २००१ मध्ये यासाठी कायदा केला, मग हळूहळू इतर राज्यांनी. औषध जवळ असलं की लोक बेफिकीर होऊन जास्त नशा करतील, हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. त्याला उत्तर मिळालं मॅसॅच्युसेट्समधून. तिथल्या १९ गावा-शहरांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे जास्त लोकांना प्रशिक्षण आणि औषध मिळालं होतं, तिथे ओव्हरडोसच्या मृत्यूंचा दर असा कार्यक्रम नसतानाच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी कमी होता. त्याच राज्यातल्या क्विन्सी शहराच्या पोलिसांनी २०१० पासून गस्तीच्या गाड्यांत नॅलोक्सोन ठेवायला सुरुवात केली होती. ज्यांच्या भीतीने फोन केला जात नव्हता, तेच आता औषध घेऊन येऊ लागले.

अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये हिशेब मांडला. १९९६ ते २०१० या काळात अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांनी ५३,०३२ जणांना औषध आणि प्रशिक्षण दिलं आणि १०,१७१ ओव्हरडोस परतवल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या. हे काम बहुतांशी डॉक्टरांनी केलं नव्हतं. ज्यांना समाज ओवाळून टाकलेले समजत होता, त्यांनी एकमेकांसाठी केलं होतं. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याची जागा फार वरची आहे.

२०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली की ओव्हरडोसच्या वेळी हजर असण्याचा संभव आहे त्या प्रत्येकाला हे औषध मिळावं. पुढच्या वर्षी अमेरिकेत नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा मंजूर झाला. सुईची भीती गेली आणि ग्रंथपाल, शिक्षक, आई-वडील यांनाही ते वापरता येऊ लागलं. पण तोवर हेरॉइनहून कितीतरी जहाल असं फेंटानिल बाजारात पसरत होतं. २०२१ मध्ये अमेरिकेत सगळ्या प्रकारच्या ओव्हरडोसने एका वर्षात एक लाखाहून जास्त माणसं दगावली.

खुद्द डॅन बिगही २०१८ साली ओव्हरडोसनेच गेला. बेशुद्ध पडलेला माणूस स्वतःला नॅलोक्सोन देऊ शकत नाही. दुसरं कुणी जवळ असावं लागतं.

मार्च २०२३ मध्ये हा फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून तो दुकानांच्या फळ्यांवर दिसू लागला. तेव्हा दोन मात्रांची किंमत सुमारे ४५ डॉलर होती. सर्वांत जास्त धोका ज्यांना, त्यांच्या खिशात एवढे पैसे क्वचितच असतात. म्हणून सुया वाटणाऱ्या संस्था आजही नॅलोक्सोन घाऊक मिळवून फुकट वाटत असतात.